नवे किती, तेच किती

थॉमस कैलाथ हे पुण्यात जन्मलेले विद्युत अभियंते. संदेशवहन, संकेतप्रक्रिया म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग, नियंत्रणशास्त्र आणि चिपनिर्मिती अशा एकमेकांपासून लांबच्या वाटणाऱ्या क्षेत्रांत त्यांनी काम केले. त्या कामात एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येतो. कानावर आलेल्या गोष्टीतून आधीच ठाऊक असलेले वजा केले, तर नवे असे किती उरते? हा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे तसाच तत्त्वज्ञानाचाही आहे. एखादे जाणणे ‘ज्ञान’ ठरायचे तर त्यात नवे काही असलेच पाहिजे का, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद झाला. धर्माच्या व्यवहारात तर हा प्रश्न जास्तच अडचणीचा होतो. जप, पारायण, हरिपाठ, आरती हे सगळे तेच ते पुन्हा म्हणण्यावर उभे आहे. नवे तेच ज्ञान असेल, तर या आवृत्तीतून माणसाच्या हाती काय लागते?

माहितीचे माप

क्लॉड शॅनन यांचा ‘अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन’ हा लेख १९४८ साली ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’च्या जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत प्रसिद्ध झाला. माहिती सिद्धांताची सुरुवात या लेखापासून धरतात. लेखाच्या आरंभीच शॅनन यांनी एक हद्द आखून घेतली. संदेशांना बहुधा अर्थ असतो, पण तो अभियंत्याच्या प्रश्नाचा भाग नाही. तारयंत्र किंवा टेलिफोन बनवणाऱ्याला एवढेच साधायचे असते, की शक्य असलेल्या अनेक संदेशांपैकी कोणता निवडला गेला हे दुसऱ्या टोकाला बिनचूक कळावे. म्हणून माहितीचे माप शंकेवरून ठरते. ऐकण्यापूर्वी जेवढी शंका होती आणि ऐकून जेवढी फिटली, तेवढी माहिती. या मापाचे एकक म्हणजे बिट.

कल्याण जंक्शन हे याचे हाताशी असलेले उदाहरण आहे. मुंबईहून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग इथे फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. गाडी दोहोंपैकी कुठली याची काहीच कल्पना नसेल आणि दोन्ही शक्यता सारख्या असतील, तर इंडिकेटरवरचे एक अक्षर बरोबर एक बिट माहिती देते. समजा, त्या वेळच्या चार गाड्यांपैकी तीन कर्जतच्या असतात हे प्रवाशाला सवयीने ठाऊक आहे. मग तेच अक्षर सरासरी ०.८१ बिट एवढेच सांगते. रोजच्या ठरलेल्या गाडीने जाणाऱ्याला ते काहीच सांगत नाही. पाटी तीच आणि अक्षरही तेच, पण माहिती वाचणाऱ्यागणिक बदलते.

त्या अक्षरांची निवडही पाहण्यासारखी आहे. ठाण्याला ‘टी’ आणि कल्याणला ‘के’ हे नावावरून आले. कसारा आणि कर्जत ही दोन्ही नावेही ‘के’नेच सुरू होतात, पण ते अक्षर कल्याणने आधीच घेतलेले. म्हणून ईशान्येकडच्या फाट्यावरच्या कसाऱ्याला ‘एन’ आणि आग्नेयेकडच्या फाट्यावरच्या कर्जतला ‘एस’ मिळाले. गावाच्या नावाशी या अक्षरांचे नाते दिसत नाही, तरी प्रवासी चुकत नाहीत. संकेत अर्थासारखा दिसला नाही तरी चालते. शेजारच्या संकेताशी त्याची गल्लत होऊ नये, एवढे पुरते.

या मापाचा एक निष्कर्ष धर्मविचाराला थेट भिडतो. जे शंभर टक्के अपेक्षित आहे, ते ऐकल्याने शून्य बिट माहिती मिळते. फलाटावर दिवसभर होणारी ‘रूळ ओलांडू नका’ ही सूचना रोजच्या प्रवाशासाठी शून्य बिटची. संध्याकाळच्या आरतीचे शब्दही शून्य बिटचे. तरी सूचना थांबत नाही आणि आरतीही थांबत नाही.

पुण्यातून स्टॅनफर्डला

कैलाथ यांचा जन्म ७ जून १९३५ रोजी एका मल्याळी कुटुंबात झाला. पुण्यातल्या सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूलमध्ये शिकून ते तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले आणि १९५६ साली दूरसंचार अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत एमआयटीमधून १९५९ साली मास्टर्स आणि १९६१ साली डॉक्टरेट मिळवली. एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले भारतीय विद्यार्थी. १९६३ पासून ते स्टॅनफर्ड विद्यापीठात राहिले.

एमआयटीतले त्यांचे सुरुवातीचे काम बदलत्या संदेशमार्गांवर होते. रेडिओलहरी वातावरणातून जाताना मार्ग क्षणोक्षणी बदलतो. संकेत कधी क्षीण होतो, कधी त्याचे अनेक प्रतिध्वनी एकात एक मिसळून येतात. असा मार्ग ओळखायचा कसा? त्याची रीत साधी आहे. दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेला संकेत पाठवायचा आणि तो कसा बिघडून पोहोचला ते पाहायचे. कैलाथ यांनी या रीतीची मर्यादा दाखवून दिली. संकेत मार्गात जेवढा वेळ रेंगाळतो तेवढ्या वेळात मार्ग फारसा बदलत नसेल, तरच तो मोजता येतो. त्याहून वेगाने पालटणारा मार्ग कितीही संकेत पाठवले तरी हाती लागत नाही.

१९६६ साली कैलाथ आणि त्यांचे विद्यार्थी शाल्कविक यांनी फीडबॅक असलेल्या मार्गासाठी संदेश पाठवण्याची एक पद्धत मांडली. दोन वर्षांनी, १९६८ साली, ‘इनोव्हेशन्स’ या कल्पनेवरचा त्यांचा गाजलेला निबंध आला. या कल्पनेची मुळे जुनी आहेत. कोल्मोगोरोव्ह आणि नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अंदाजाचे गणित उभे केले होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवणारे पेसी मसानी यांनी वीनर यांच्यासोबत १९५०च्या दशकात ते एकाच वेळी अनेक राशी बदलत असलेल्या प्रक्रियांपर्यंत नेले. कैलाथ यांनी इनोव्हेशनला मध्यभागी आणून सगळ्या विषयाची मांडणीच सोपी केली.

ती मांडणी अशी. येणाऱ्या प्रत्येक निरीक्षणाचे दोन भाग पाडायचे. मागच्या निरीक्षणांवरून ज्याचा अंदाज बांधता आला असता तो एक भाग. ज्याचा बांधता आला नसता तो दुसरा. दुसऱ्या भागाला इनोव्हेशन म्हणतात. मराठीत त्याला नवांश म्हणता येईल. एकामागून एक येणाऱ्या नवांशांचा आपसात काही संबंध नसतो, कारण संबंध असता तर त्याचाही अंदाज बांधता आला असता. आणि नवांशांच्या या मालिकेत मूळ निरीक्षणांमधले काहीच हरवत नाही. तिच्यावरून मूळ मालिका जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. शिकण्यासाठी लागणारे सगळे नवांशात असते. बाकीचे आधीच जवळ होते.

म्हणून आवृत्ती टाकाऊ ठरते असे मात्र नाही. १९७० च्या दशकाअखेरीस कैलाथ आणि सहकाऱ्यांनी रचनेत पुनरुक्ती असलेल्या मॅट्रिक्सचा अभ्यास केला. प्रत्येक तिरप्या ओळीत एकच संख्या असलेली १०० बाय १०० ची मॅट्रिक्स घेतली, तर तिच्यात १०,००० जागा असतात, पण वेगळ्या संख्या जास्तीत जास्त १९९. ही पुनरुक्ती ओळखली की आकडेमोड कितीतरी पटींनी कमी होते. आवृत्तीने माहिती वाढली नाही तरी कष्ट वाचतात.

‘लिनिअर सिस्टिम्स’ हे त्यांचे पाठ्यपुस्तक १९८० साली आले. पुढे आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यासोबत त्यांनी अनेक अँटेनांच्या तंत्रावर काम केले; पॉलराज यांनी नौदलात असताना लोणावळ्याच्या नेव्हल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून पदवी घेतली होती. या दोघांना १९९४ साली मिळालेले पेटंट हे आजच्या मोबाइल आणि वायफायमधल्या मायमो तंत्राच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी एक मानतात. माहिती सिद्धांतातला शॅनन पुरस्कार कैलाथ यांना २००० साली, आयईईईचे मेडल ऑफ ऑनर २००७ साली आणि पद्मभूषण २००९ साली मिळाले.

अपूर्वतेचा वाद

नवांशाचा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्रात वेगळ्या शब्दांत विचारला गेला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी प्रमा म्हणजे यथार्थ ज्ञान, याच्या लक्षणात ‘अनधिगत’ ही अट घातली. जे आधी कळलेले नव्हते ते कळवते, तेच प्रमाण. या अटीमुळे स्मृती बाहेर पडते. आठवण खरी असली तरी ती नवे काही देत नाही. मीमांसेचा वाक्यविचारही याच पायावर उभा आहे. न कळलेली गोष्ट सांगणारे वाक्य विधी ठरते. आग हा थंडीवरचा उपाय आहे, हे अनुभवानेच कळणारे. वेदाने ते सांगितले तरी तो अनुवाद, म्हणजे माहीत असलेल्याचा पुनरुच्चार. अनुवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही.

नैयायिकांनी या अटीवर बोट ठेवले ते धारावाहिक ज्ञानाचे उदाहरण देऊन. समोर घडा आहे आणि पाहणारा त्याच्याकडे एकटक पाहतो आहे. ‘हा घडा’, ‘हा घडा’ अशी ज्ञानांची धार लागते. पहिल्या क्षणाचे ज्ञान प्रमा आणि दुसऱ्या क्षणाचे नाही, असे कसे म्हणता येईल? डोळे तेच, घडा तोच, चूक कुठेच नाही. नवव्या शतकातले काश्मिरी नैयायिक जयंत भट्ट यांनी ‘न्यायमंजरी’त नवेपणाची अट नाकारली, ज्ञान खरे असले म्हणजे पुरे. मीमांसकांनी तोड काढली ती काळाची. दुसऱ्या क्षणीचे ज्ञान घड्याला दुसऱ्या क्षणातला घडा म्हणून पकडते, म्हणून सूक्ष्म का होईना, त्यात नवे काही असते. सतराव्या शतकातल्या ‘वेदान्तपरिभाषे’त धर्मराज अध्वरींद्रांनी प्रमेची दोन लक्षणे दिली, एक नवेपणाच्या अटीसह आणि एक तिच्याशिवाय. वाद तिथेही मिटला नाही.

अभियंत्याच्या भाषेत हा वाद असा मांडता येतो. घडा हलणार नाही याची पूर्ण खात्री असेल आणि पाहण्यात चूक होऊच शकत नसेल, तर दुसऱ्या क्षणाचा नवांश शून्य. डोळ्याला किंचित जरी धूसर दिसत असेल, किंवा घडा कोणी उचलून नेण्याची शक्यता असेल, तर दुसरे पाहणे रिकामे राहत नाही. मीमांसकांचे म्हणणे निर्दोष निरीक्षणाला लागू पडते, तर नैयायिकांचे उदाहरण प्रत्यक्ष डोळ्यांच्या माणसाला जवळचे वाटते.

पाठ सांभाळणारी आवृत्ती

गोंगाट असला की पुनरुक्तीला किंमत येते. शब्दातली काही अक्षरे पुसली गेली तरी उरलेल्यांवरून शब्द ओळखता येतो, कारण भाषेत मुळातच पुनरुक्ती भरलेली असते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली या गोष्टीचे काटेकोर तंत्र केले. माहितीच्या चार बिटांना पडताळणीच्या तीन बिटांची जोड दिली, तर सातपैकी कोणताही एक बिट बिघडला तरी कोणता ते कळते आणि दुरुस्त करता येतो. तीन बिट नवे काही सांगत नाहीत. चार बिटांची राखण करतात.

वेदपठणाच्या परंपरेत राखणीची फार जुनी व्यवस्था आहे. क, ख, ग असे तीन शब्द घेतले, तर क्रमपाठात क-ख, ख-ग अशा जोड्या येतात. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात. घनपाठात क-ख, ख-क, क-ख-ग, ग-ख-क, क-ख-ग असा क्रम चालतो आणि मग एक शब्द पुढे सरकून तेच विणकाम पुन्हा होते. ओळीच्या मधला शब्द क्रमपाठात २ वेळा, जटापाठात ६ वेळा आणि घनपाठात १३ वेळा उच्चारला जातो. एखादा शब्द निसटला किंवा जागा बदलून आला, तर उलट्या पाठात तो लगेच अडखळायला लावतो. उलट क्रमाने म्हटलेल्या शब्दांना वाक्याचा अर्थ उरत नाही. शॅनन यांनी संदेशाचे गणित मांडताना अर्थ बाजूला ठेवला, तसाच घनपाठींनी संदेश जपताना ठेवला.

याची अडचण त्या काळीही जाणवली होती. यास्काच्या ‘निरुक्ता’त कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदलेले आहे, की मंत्रांना अर्थच नसतो. यास्क ते खोडून काढतो, आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा देणारे वचनही तिथेच येते. दुसरी अडचण सामाजिक होती. हा मार्ग बिनचूक होता, पण अरुंद होता. स्त्रिया आणि शूद्र यांना तो बंद होता.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हा मार्ग रुंद झाला आणि त्याबरोबर गोंगाटही वाढला. हातोहात नकला होत गेल्या, पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी कोणी घालू नये असा इशाराही दिला. या कामात ओवीची घडणच मदतीला येणारी होती. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते. चरणाच्या शेवटी शब्द बदलला तर यमक तुटून चूक उघडी पडते. चरणाच्या मधल्या चुकीचा यमकाला पत्ता लागत नाही. तिथे अर्थ पाहावा लागतो आणि दुसरी प्रत ताडावी लागते. अर्थाकडे पाठ फिरवून केलेली राखण कुठपर्यंत पुरते, हे इथे दिसते.

घनपाठ रचणाऱ्यांना माहिती सिद्धांत ठाऊक होता, असा याचा अर्थ नाही. गोंगाटातून शब्द वाचवायचा तर तो पुन्हा म्हणावा लागतो, ही गरज दोघांना सारखीच होती.

श्वेतकेतूचा प्रश्न

छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू बारा वर्षे गुरूकडे राहून सगळे वेद शिकून घरी आला आणि शिक्षणाचा ताठा घेऊन आला. पाठ बिनचूक होता. कळायचे ते राहून गेले होते. वडील उद्दालक त्याला आत्मतत्त्व सांगतात आणि तेच वाक्य नऊ वेळा सांगतात. प्रत्येक वेळी मुलगा पुन्हा समजावून सांगायला विनवतो आणि प्रत्येक वेळी बाप दाखला बदलतो. एकदा मधमाश्यांनी गोळा केलेला मध, एकदा समुद्राला मिळणाऱ्या नद्या, एकदा वडाचे फळ फोडून दाखवलेले बी, एकदा पाण्यात विरलेले मीठ.

शाल्कविक आणि कैलाथ यांची १९६६ची पद्धत याच घडणीची आहे. ऐकणाऱ्याला आतापर्यंत काय समजले, हे फीडबॅकमुळे पाठवणाऱ्याला कळत असते. त्यामुळे सगळा संदेश पुन्हा पाठवायची गरज पडत नाही. समजण्यात जेवढी चूक उरली आहे तेवढीच मोठी करून पाठवायची. दर फेरीला उरलेली चूक लहान होत जाते आणि थोड्याच फेऱ्यांत ती नगण्य होते. शॅनन यांनी १९५६ साली असे सिद्ध केले होते, की ज्या मार्गात प्रत्येक वेळचा गोंगाट मागच्यापेक्षा स्वतंत्र असतो त्याची क्षमता फीडबॅकने वाढत नाही. कैलाथ यांच्या पद्धतीने दाखवले, की क्षमता तेवढीच राहिली तरी तिथवर पोहोचणे फारच सोपे होते. संवादाने सत्य मोठे होत नाही, पण ऐकणाऱ्याला जवळ येते.

वेदान्ताने ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणा सांगितल्या आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यातला अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे आणि अपूर्वता म्हणजे दुसरीकडून न कळणारे नवेपण. ग्रंथाला खरोखर काय म्हणायचे आहे ते शोधताना आवृत्ती आणि नवेपणा या दोन खुणा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

ठाऊक संकेताचा उपयोग

नामजपाला मात्र यांतले काहीच नीट लागू पडत नाही. नाम विसरले जाण्याची भीती नसते, म्हणून ती पाठाची राखण नव्हे. समोर प्रश्न विचारणारा कोणी नसतो, म्हणून तो श्वेतकेतूचा संवादही नव्हे.

सकाळच्या वेळी कसारा-कर्जतकडून कल्याण, डोंबिवली, ठाणे करत मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये भजनी मंडळे असतात. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, रोजचीच माणसे. एकजण अभंग उचलतो, बाकीचे झील धरतात, गर्दीत कोपर हलवायला जागा मिळेल तेवढे टाळ वाजतात. कळव्याजवळच्या खाडीपुलावर गाडीचा खडखडाट वाढतो आणि शब्द बुडतात. पूल सरला की सगळे बरोबर त्याच जागी असतात. पुढचा शब्द कोणता, याची कोणालाच शंका नसते. शॅनन यांच्या मापाने प्रवासभर शून्य बिट.

इथे कैलाथ यांचे सुरुवातीचे काम उपयोगी पडते. दोन्ही टोकांना ठाऊक असलेला संकेत संदेश म्हणून रिकामाच असतो, पण ज्या मार्गाने तो आला त्याची तो खबर देतो. मोबाइलचा टॉवर असे ओळखीचे संकेत सतत पाठवत असतो. त्यांत कोणाचे बोलणे नसते, पण ते कसे बिघडून आले यावरून फोनला मार्गाची स्थिती कळते आणि पुढचे बोलणे नीट उलगडता येते. नाम हा असा ठाऊक संकेत मानला, तर जपात अज्ञात असते ते मन. माळेचे १०८ मणी तेच असतात; लक्ष कितव्या मण्याला सुटले, कुठल्या काळजीने ओढून नेले, परत कधी आले, हे रोज निराळे असते. शब्द जेवढा ठाम, तेवढे मनाचे हलणे स्पष्ट दिसते. पतंजलीच्या योगसूत्रांतही जपाबरोबर अर्थाची भावना सांगितली आहे. त्यापुढच्याच सूत्रात त्याचे फळ म्हणून अंतर्मुख होणे आणि विघ्ने दूर होणे येते. विघ्नांच्या यादीत आळस, संशय, प्रमाद हे सगळे मनाचे दोष आहेत.

कैलाथ यांची मर्यादाही इथे लागू पडते. संकेत पोहोचेपर्यंत पार पालटून जाणारा मार्ग मोजता येत नाही. जपासाठी एक जागा, एक वेळ, एक आसन असा जो आग्रह धरतात, त्याने मार्ग थोडा स्थिरावतो. लोकलमधल्या मंडळाचा ठरलेला डबाही तेच काम करतो.

आखूड दोरी

आवृत्तीचा धोकाही याच गणितात आहे. विहिरीची खोली दोरीने मोजताना दर वेळी थोडीफार चूक होते. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर चार वेळा मोजून सरासरी काढल्यावर चूक निम्मी होते आणि शंभर वेळा मोजल्यावर दहावा हिस्सा उरते. पण दोरीवरच्या खुणाच चुकीच्या असतील, तर शंभर वेळा मोजूनही उत्तर चुकते; वर मोजणाऱ्याची खात्री मात्र दहापट होते. रुडॉल्फ कालमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, निरीक्षणागणिक अंदाज सुधारत नेणाऱ्या फिल्टरमध्ये अभियंत्यांना हा दोष प्रत्यक्ष दिसतो. फिल्टर स्वतःच्या अंदाजाविषयी इतका निश्चिंत होतो, की नवे निरीक्षण विरुद्ध आले तरी त्याला दाद देत नाही. अंदाज भरकटत जातो आणि फिल्टरला त्याचा पत्ता नसतो. एकाच अफवेचे शंभर फॉरवर्ड म्हणजे एकाच दोरीने शंभर वेळा घेतलेले माप.

यावरची तपासणी नवांशातच आहे. गृहीतक बरोबर असेल, तर वजाबाकीनंतर उरलेल्या नवांशांत काही आकृतिबंध दिसत नाही. उरलेले वारंवार एकाच बाजूला झुकत असेल, तर आधी धरून चाललेले काहीतरी चुकले आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान बाधित होईपर्यंत ते स्वतःच प्रमाण असते. नैयायिक म्हणतात, त्याचा खरेपणा त्यावरून केलेली कृती सफल होते का, यावरून ठरतो. अभियंता रोजच्या कामात दोघांचेही ऐकतो. अंदाजावर विसंबून पुढे जातो आणि उरलेल्यावर नजर ठेवतो.

नाम खरे आहे का, ईश्वर आहे का, याचा निवाडा माहिती सिद्धांत करू शकत नाही. अर्थ आपल्या हद्दीबाहेर आहे असे त्याने १९४८ सालीच सांगून ठेवले आहे. त्याच्या मदतीने आवृत्तीचे प्रकार मात्र वेगळे करता येतात. पाठ जपणारी आवृत्ती, ऐकणाऱ्याची उरलेली चूक दूर करणारी आवृत्ती, मन दाखवणारी आवृत्ती आणि खोटी खात्री वाढवणारी आवृत्ती. पहिल्या तिन्ही परंपरेत आहेत आणि उपयोगाच्या आहेत. चौथी बाहेरून त्यांच्यासारखीच दिसते. तिला ओळखायचे तर विहीर मोजून झाल्यावर दोरीही मोजून पाहावी.